शेजारच्या काकांची तपासणी

नाशिक जिल्ह्यातले सगळे तपासनीस एका पारड्यात घातले असते, तरी दुसऱ्या पारड्यात आमच्या शेजारचे काका एकटे भारी पडले असते. उभा जन्म कळवणकडच्या शाळा तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर शाळा सुटल्या, तपासणी सुटली नाही. लग्नाच्या जेवणालासुद्धा ते मागच्या दाराने आधी आचाऱ्याकडे जात. म्हणत, "पुढच्या दाराने गेलं की नुसतं स्वागत दिसतं."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गंगापूर रोडला, विसर पडत चाललेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती. काकू तिथे होत्या. काका रोज चार वाजता मागच्या दाराने आत शिरत, काखेत स्वतः विकत आणलेलं शेरेबुक. नेमणूक कुणाचीच नाही, तरी मावश्यांना धाक. "साहेब, समद्यांची नखं कापेल हायेत, बघून घ्या," एक मावशी लांबूनच ओरडायची.

मी तेव्हा पत्रकं काढत असे. अशा संस्था म्हणजे म्हाताऱ्यांची कोठारं, असं एक जळजळीत पत्रक मी तिथे पाऊल न टाकताच लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं. "पत्रकवाले, उद्गारचिन्हं अकरा आहेत आणि म्हातारा एकही नाही. चला."

तिथे त्यांनी मला भिंती आणि खाटा दाखवल्याच नाहीत. "मावशीचा हात वर गेला की म्हातारं माणूस डोळे मिटतं का, तेवढं बघा. शाळेतही मी तेच बघायचो." मावशीने एका आजोबांच्या डोक्याला कंगवा लावला, तशी त्यांनी मान आणखी पुढे केली. काकांनी लिहिलं, समाधानकारक.

शेवटच्या खाटेवरून काकू पदर सावरत उठल्या. "साहेब, एक तक्रार आहे."

"बोला बाई."

"इथे सगळं चांगलं आहे. पण आमचे यजमान मला ठेवून गेले ते एकदाही आले नाहीत. लिहून घ्या."

मी तोंड उघडणार तोच काकांनी माझा हात दाबला. तक्रार लिहून घेतली, खाली सही केली.

रस्त्यावर मी भडकलो. "अहो, सांगा ना त्यांना!"

"सांगितलं होतं, सुरुवातीला. तिनं डोळे मिटून घेतले." चार पावलं चालून ते म्हणाले, "साहेबाशी बोलते तरी."

पत्रक मी फाडलं. आता दोघंही नाहीत. शेरेबुक माझ्याकडे आहे. पानोपानी सगळं समाधानकारक, तळाशी तक्रार तेवढी तीच. आणि तिच्यासमोर, कार्यवाहीच्या रकान्यात, रोज तेच वळणदार अक्षर: यजमानांना उद्या चार वाजता हजर राहण्याची समज दिली आहे.