पुलावरचे दोन हॉर्न

आमच्या ह्यांनी तीस वर्षं बस चालवली, म्हणजे आयुष्य बसून काढलं. आता उभं राहायचं म्हटलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कंपवात होऊन सहा वर्षं झाली. हात थरथरतो ते सगळ्या जगाला दिसतं, पण उठल्याबरोबर रक्तदाब धाडकन खाली येतो ते कुणाला दिसणार? दवाखान्यात बसवून मोजायचे, आकडा आपला छान! मीही निर्धास्त. नव्या डॉक्टरीणबाईंनी उभं करून मोजलं, तेव्हा कळलं पाणी कुठे मुरतंय ते.

लेकही बसच चालवते. राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, महिन्यातून एकदा जेमतेम येते. पण तिची बस रोज चारच्या सुमारास आमच्या खिडकीखालून जाते. ती दोनदा हॉर्न द्यायची, की हे ताडकन उठून हात हलवायचे. खिडकी उंच, बसून रस्ता दिसत नाही. गेल्या महिन्यात असेच उठले आणि कोसळले. कपाळाला चार टाके पडले.

मी चिडून लेकीला हॉर्न बंद करायला सांगितलं. झालं, माणूस धड जेवेना, बोलेना. चार वाजले की खिडकीकडे नुसते बघत बसायचे. आधीच उठून उभं राहावं, तर पाच मिनिटांत पाय लटपटतात, आणि बस वेळेवर येते थोडीच! आठव्या दिवशी म्हणाले, "अगं, ती वर बघत असेल. रिकामी खिडकी दिसत असेल तिला."

मी विचारलं, तिच्या वाटेवरचा तो पलीकडचा पूल आमच्यापासून किती लांब? बसनं वळसा घालून चार मिनिटं, पण हॉर्न इथवर ऐकू येतो, ते पटकन म्हणाले. तो रस्ता त्यांना तळहातासारखा पाठ. लगेच लेकीला फोन लावला, म्हटलं, हॉर्न दे बाई, पण पुलावरून दे.

काल पुलावर दोन हॉर्न वाजले. डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे मी ह्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पेलाभर पाणी पाजलं, पावलं वरखाली करायला लावली, मग हळूच उभं केलं. मागून कमरेला घट्ट धरलं. बस आली. लेकीनं वर पाहिलं आणि हसली. ह्यांचा हात एरवीही हलतोच, काल पार खांद्यापासून हलला.

बस पुढे गेली. म्हटलं, आता बसा.

"थांब गं," ते म्हणाले, "वळेपर्यंत दिसते."

मी धरून उभी राहिले.