स्ट्रॉबेरीचा खोडरबर

दापोड्याच्या आमच्या गोदामात कॉम्प्युटर बिघडला की जवळच्या शेलार गावाहून कॉम्प्युटरवाले काका येतात. हत्यारांची पेटी वगैरे काही नाही. शर्टाच्या खिशात शाळकरी मुलांचा, स्ट्रॉबेरीच्या वासाचा खोडरबर. आल्या आल्या पोलिसासारखं विचारतात, "लाईट गेली तवा हितं कोन व्हता?" मग रॅमची पट्टी काढतात, खोडरबरने घासतात, हुंगतात आणि परत बसवतात. बहुतेक वेळा मशीन चालूही होतं.

परवा लाईट जाऊन आली, टेबलाखालच्या सर्व्हरचा पंखा फिरायला लागला, पण स्क्रीन काळाच. बाहेर गाड्या गेटपाससाठी थांबलेल्या आणि शेठ माझ्या डोक्यावर उभे. काकांनी दोनदा रॅम घासली, तरी काही नाही. मग ते टेबलाखाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात, म्हणून मीही वाकलो.

मॉनिटरची पिन लोंबत होती. तिच्या जागी माझ्या मोबाईलचा चार्जर होता, लाईट गेल्यावर मीच यूपीएसवर लावलेला.

काकांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "रॅमच हाय शेठ, लय मळलीय," ते खालूनच ओरडले, लादीवर खसाखसा खोडरबर घासला आणि हळूच पिन लावली. स्क्रीन उजळला.

शेठ इतके खूश झाले की त्यांनी खोडरबरचा अख्खा डबा मागवला. आता रोज सकाळी रॅम घासणं ही माझी ड्युटी आहे. काका आले की शेठसमोरच पट्टी हुंगतात.

"अजून घासा," म्हणतात. "चार्जरचा वास येतोय."