जायफळ जरा जास्त

माझे यजमान विलायती आगबोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. एका सफरीत त्यांना ताप आला. मुंबईच्या इस्पितळात बरेच दिवस पडून राहावं लागलं आणि शिमग्याच्या जरा आधी ते रत्नागिरीच्या बंदरात उतरले. पडावातून किनाऱ्याला आले तेव्हा ओळखू येईनात इतके वाळले होते. पण आपल्या पायांनी चालत आले. मला तेवढंच पुष्कळ होतं.

थोड्याच दिवसांत मात्र मला काहीतरी खटकायला लागलं. पूर्वी हे उंबऱ्यावरूनच कालवणात काय कमी पडलंय ते सांगत. आता वाढीन ते मुकाट्याने खात. एकदा मी विहिरीवर गेले असताना चुलीवरचं बांगड्याचं कालवण करपून काळं झालं. हे तिथंच, पाठ करून सुंभ वळत बसलेले.

"अहो, करपलं ना सगळं," मी म्हटलं.

त्यांनी आधी चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला वास येत नाय गो. तापापासनं. आयेला सांगू नकोस."

मग हळूहळू बोलले. मासा ताजा की उतरलेला, तेल खवट झालंय का, हे भंडाऱ्याने नाकानेच ओळखायचं असतं. पावसाळ्यानंतर परत बोटीवर जायचं ठरलेलं होतं. "नाक गेलेला भंडारी कोण ठेवील? आणि ठेवला, तर मीच कुणाला तरी नासकं खायला घालीन." एवढं बोलून ते पुन्हा सुंभ वळायला लागले. त्यानंतर मला नीट झोप लागेना.

त्यांची पेटी उन्हात घातली तेव्हा तळाशी एक पत्र्याची डबी निघाली. आत मिरीसारखे, पण मिरीहून थोराड दाणे होते. एक चावला तर लवंग, दालचिनी, जायफळ सगळं एकदमच तोंडात आलं.

"जमैकाचे," हे म्हणाले. तिथल्या बंदरावर एक बाई निखाऱ्यांवर मांस भाजून विकायची. बहुतेक डुकराचं, पण कोंबडीचे पंखही असत. हे पंखच घेत. पंखाला मसाला हाडापर्यंत मुरतो, असं त्यांचं म्हणणं. तो मसाला ते तिच्याशेजारी बसून शिकले होते.

"मग मला शिकवा."

"मला वास नाय, चव नाय. कुणासाठी करायचा?"

"माझ्यासाठी. मी जमैकाला कधी जाणार?"

आल्यापासून पहिल्यांदा ते हसले.

शिमग्याला पाहुणे यायचे होते, म्हणून कोंबडे कापायचेच होते. मी सासूबाईंकडे फक्त पंख मागितले. त्यांनी दिले, पण म्हणाल्या, "तुमचं ते बोटीवरचं माझ्या चुलीवर नको हां. मागं माडाखाली करा काय ते."

पाट्यावर मी ते दाणे वाटले. त्यात हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, कांदा, गुळाचा खडा आणि मीठ. तिकडचा कसलासा पाला इथं कुठला मिळायला, म्हणून ओव्याची पानं घातली. माडीचा शिरका आणि लिंबू पिळलं. हे शेजारी बसून सांगत होते. "जायफळ चिमूटभरच," म्हणाले आणि काजूची लाकडं फोडायला उठले. डबीतले दाणे जुने, जोर नसेल, असं मला वाटलं. त्यांच्या माघारी मी जायफळ भरपूर उगाळून घातलं.

पंखांना मसाला चोळून सकाळभर झाकून ठेवले. दुपारी माडाखाली निखारे केले आणि वर दालचिनीची ओली पानं टाकली. चरबी निखाऱ्यावर पडली की धुराचा लोट उठायचा. मला ठसका लागून डोळ्यांना धारा लागल्या. हे मात्र धुरातच उकिडवे बसून पंख परतत होते. अजून एकही पंख कुणी तोंडात घातला नव्हता.

"जायफळ फार घातलंस," हे म्हणाले.

मी खोकता खोकता थांबले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? हे काय, वास..." ते बोलायचे थांबले. हातातला चिमटा खाली ठेवला आणि स्वतःची बोटं नाकाशी नेली. मग पाटा हुंगला. मग उठून घरात गेले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, रॉकेलची बाटली काय हुंगतोस? डोकं फिरलं काय?"

"नाय आये," हे म्हणाले, "डोकं ठीक आहे."

बाहेर आले तेव्हा त्यांचेही डोळे वाहत होते. धुरामुळे असेल. मी होते तिथं जमिनीवर बसले. त्यांनी एक पंख माझ्या हातात दिला. तिखटाने कानातून वाफा निघत होत्या, जायफळाने जीभ जड झाली होती, तरी मी हाडापर्यंत खाल्ला.

वास सगळा त्या दिवशीच परत आला असं नाही. कधी यायचा, कधी जायचा. माशाचा तर फार उशिरा, पावसाळा सरत आल्यावर आला. पण एकदा परतीला लागलाय म्हटल्यावर मनावरचं ओझं उतरलं.

पाहुण्यांचा रस्सा अजून व्हायचा होता. मी उठायला लागले तर हे म्हणाले, "बस तू. रस्सा मी करतो." पुरुषमाणूस चुलीपाशी बसलेला बघून सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या, पण खोबरं त्यांनीच किसून दिलं. आतून दोघांची मिठावरून चाललेली वादावादी ऐकत मी माडाला टेकले आणि भर उन्हाची झोपून गेले. कुणी मला उठवलं नाही.