साडेपाचची सही

"संध्याकाळचे साडेपाच टाक," सुपरवायझर म्हणाला आणि पेन माझ्या हातात दिलं.

सकाळचे आठ वाजले होते. माझा पहिला दिवस. अंधेरीतलं औषधांच्या खोक्यांचं पॅकिंग. कंत्राटदारामार्फत लागलेल्या आम्ही सगळ्या बायका टेंपररी. आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ, दोन्ही सकाळीच लिहून सही करायची. मग तो सोडेल तेव्हा जायचं.

मी म्हटलं, "साहेब, आत्ता तर आठच वाजलेत."

तो हसला. सगळ्यांना हाक मारली. "हिला घड्याळ कळतं रे!" मला घड्याळाखाली उभं केलं. दर पंधरा मिनिटांनी ओरडून वेळ सांगायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. सव्वाआठ. साडेआठ. पावणेनऊ. पर्मनंटवाले येता-जाता हसायचे. माझ्याबरोबरच्या बायका मान वर करत नव्हत्या. घसा सुकला. पाणी मागितलं तर म्हणाला, "टेंपररीला वेळ नसते. आता कळलं?"

कळलं. नंतर तीन वर्षं मी मुकाट साडेपाच लिहीत राहिले.

शालनताई माझ्या शेजारी बसायची. मालवणची. भांडुपला आमच्याच चाळीच्या वर, टेकडीवर राहायची. नवरा नाही, एक मुलगी कॉलेजला. एके दिवशी अर्जंट ऑर्डर होती. साडेपाच कधीच वाजून गेले होते. पावणेसातला ती खोकी घेऊन लोखंडी शिडीवरून माळ्यावर चढत होती. वरून पडली. डोकं फरशीवर.

सुपरवायझर धावत आला. तिच्याकडे बघितलं. आधी फोन लावला, कोणाला माहीत नाही. मग म्हणाला, "रजिस्टरप्रमाणे ही साडेपाचला घरी गेलीय. बाहेर घ्या हिला. गेटच्या बाहेर."

आम्ही चौघींनी उचललं. मी पाय धरले.

ती शुद्धीवर होती. हळू आवाजात म्हणाली, "माका भायर खंय नेतास गो? मी आत पडलंय."

आम्ही थांबलो नाही.

फुटपाथवर ठेवलं, रिक्षा बोलावली. हॉस्पिटलात सुपरवायझरने डॉक्टरला सांगितलं, रस्त्यात चक्कर आली. मी शेजारीच उभी. चौथ्या दिवशी शालनताई गेली.

ते पाय अजून माझ्या हातात आहेत. भाजी चिरताना, कपडे पिळताना. एकदम जड होतात हात. मग तो आवाज. मी पाण्याचा नळ सोडते. तरी येतो.

तेराव्याला टेकडी चढून गेले. मुलीने, प्राचीने, पाणी दिलं. म्हणाली, "मावशी, आई कुठे पडली?"

"गेटबाहेर."

"हॉस्पिटलात तिच्या पायात कंपनीच्या निळ्या स्लीपर होत्या. त्या घालून तुम्हाला बाहेर सोडतात?"

सोडत नाहीत. कामावर शिरताना आपल्या चपला काढून ठेवायच्या, निघताना घालायच्या. तिच्या चपला आतच राहिल्या होत्या.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. शिडी, फोन, आणि मी पाय धरले ते. तिची आई काय म्हणाली तेही.

प्राची रडली नाही. तिने माझ्या हातांकडे बघितलं. "लिहून देशील?"

दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाही. तिच्याबरोबर कामगार खात्याच्या कचेरीत गेले. तिथला माणूस कागद वाचून म्हणाला, "बाई, त्या दिवशीची साडेपाचची तुमचीही सही असेल. खोटी सही केलीत असं होईल."

"केली. तीन वर्षं केली. तेही लिहा."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. लिहिलं.

माझं काम गेलं. कंत्राटदाराने आजूबाजूच्या गाळ्यांत माझं नाव सांगून ठेवलंय, कोणी उभं करत नाही. उरलेल्या तिघी बाजारात दिसल्या की रस्ता बदलतात. मी त्यांना शिव्या देत नाही. घड्याळाखाली उभं राहिलं की काय होतं ते मला ठाऊक आहे.

प्राचीने मला माफ केलेलं नाही. मीही मागितलेलं नाही. कोर्टाच्या तारखेला आम्ही दोघी एका बाकावर बसतो, मध्ये जागा सोडून.

कंपनीचा वकील विचारतो, "ती तेव्हा बेशुद्ध असेल ना?"

नाही. बोलत होती. आम्ही ऐकलं आणि तरी नेलं. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा हेच सांगणार.