व्लास्ताबाईंची चिमट्यांची दोरी

"मी पहिला होतो."

"मे महिन्यात."

"मग? मे महिना काय वर्षात धरत नाहीत?"

"ती रांग खिडकीपुढची होती, ओता. खिडकी उघडलीच नाही. न उघडलेल्या खिडकीपुढची रांग म्हणजे नुसती उभी राहिलेली माणसं."

"माणसं कुठली? मी एकटा होतो! पहाटे पाचला, थर्मास घेऊन, घडीची खुर्ची घेऊन. आठ वाजता तू किल्ल्या वाजवत आलीस आणि मला म्हणालीस, अरे, तू इथे काय करतोयस?"

"म्हणाले."

"मग सरकव माझा चिमटा. बाराव्या जागेवरून पहिल्या. एक हात लांब करायचाय, ताई. कोण बघतंय?"

"सगळे बघतायत," व्लास्ताबाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर दोरी बांधलीय."

आणि खरंच सगळे बघत होते. सकाळचे दहा वाजले होते, स्पर्धा बाराला सुरू होणार होती, आणि नोंदणीच्या टेबलासमोर पंधरा माणसं कोटाच्या खिशात हात घालून उभी होती. टेबलाच्या वर, या खांबापासून त्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायची साधी दोरी, आणि दोरीला लाकडी चिमटे. प्रत्येक चिमट्यावर शाईने एक नाव. डावीकडचा पहिला.

शरदातल्या या पोकर स्पर्धेला तीनशे खुर्च्या असतात आणि हजारभर माणसांना त्या हव्या असतात. सीमेपलीकडून बव्हेरियावाले येतात, पोलंडवाले येतात, आणि आमच्या या झेक गावातलेही चार-सहाजण वर्षभर पैसे बाजूला टाकून एकदा बसतात. पूर्वी ज्यांना यायला जमायचं नाही ते आपली खुर्चीची चिठ्ठी गाड्यांच्या तळावर दुप्पट-तिप्पट भावाने विकायचे. एका वर्षी एकाच खुर्चीच्या चार चिठ्ठ्या निघाल्या आणि एक दंतवैद्य दुसऱ्याच्या मांडीवर बसायचा तेवढा बाकी राहिला. मग व्लास्ताबाईंनी घरून दोरी आणली.

त्यांचा नियम लहान आहे. ज्याला खुर्ची नको त्याने ती टेबलावर परत करायची, दिलेले पैसे तेवढेच्या तेवढे घ्यायचे आणि निघायचं. खुर्ची पहिल्या चिमट्याची. खेळ सुरू झाल्यावर कुणी डावात लावायच्या सगळ्या चकत्या हरून उठला, तर त्याचीही खुर्ची पुढच्या चिमट्याला, नव्या चकत्यांसह. हे दुसऱ्या सुट्टीच्या घंटेपर्यंत. नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेला माणूस नाही आला, तर चिमटा दोरीच्या शेवटी.

पुकारायचं काम माझं. प्लझेन शहरातल्या नाट्यशाळेत मी तीन वर्षं आवाज कमावला. आता त्याच आवाजात "टेबल सहा, खुर्ची चार" म्हणते. व्लास्ताबाईंच्या शेजारी बसायला लागून मला पाचवं वर्ष आहे. घंटाही माझ्याचकडे असते.

त्या आमच्या गावच्याच. पंचविशीत सीमेच्या नाक्यावर लागल्या. तेव्हा ट्रक तीन-तीन किलोमीटर उभे असायचे आणि त्या खडूने चाकावर नंबर घालत पुढून मागे, मागून पुढे चालायच्या. पाच भाषा येतात त्यांना, पण प्रत्येकीतली तीनच वाक्यं: नंबर सांगा, थांबा, पुढचा. एकोणीस वर्षं हे केलं. मग सीमा उघडली, नाक्याचा दांडा काढून नेला आणि ट्रक न थांबता जायला लागले. नवरा लुडेक त्याच सुमारास पलीकडे छपराच्या कामाला गेला. चार महिने दर शनिवारी आला, मग एक शनिवार सोडून, मग नाही. तिकडे त्याने दुसरा संसार मांडल्याचं कळलं तेव्हा व्लास्ताबाईंनी त्याचा थंडीतला कोट धुऊन, इस्त्री करून, पोस्टाने पाठवला. मी एकदा विचारलं, "राग नाही आला?"

"कोट जड होता," त्या म्हणाल्या. "पोस्टात खूप वेळ गेला."

झालं. एवढंच. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त काही निघत नाही. वाईट बातमी असो, चांगली असो, त्या ती पावाचा भाव ऐकावा तशी ऐकतात.

ओता, म्हणजे ओताकार, त्यांचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं काचेवर नक्षी कोरली. पेल्यावर हरीण कोरायचा तर हरणाच्या डोळ्यात पापणीसुद्धा असायची. आता त्याच्या स्वतःच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. डावा डोळा गेलाच, उजवा जायला लागलाय. पत्ता जरा तिरका धरून, कडेने बघून तो ओळखतो. प्लझेनच्या डॉक्टरांनी सांगितलंय, वसंतापर्यंत बदाम आणि चौकट वेगळे कळायचे नाहीत. म्हणजे ही शरद स्पर्धा त्याची शेवटची. तीस वर्षं तो दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत काड्यापेटीच्या काड्यांवर पोकर खेळला. मोठ्या हॉलमध्ये एकदाही बसला नव्हता. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी.

आणि या वर्षी खुर्च्या फोनवर विकल्या. अकरा मिनिटांत संपल्या. गावातल्या सगळ्या पोरासोरांना माहीत होतं. ओता मात्र बंद खिडकीपुढे घडीच्या खुर्चीवर बसून कॉफी पीत होता. आमच्याकडच्या त्या वयाच्या माणसांचं असंच. संत्री, चपला, धुण्याचं यंत्र, जुन्या राजवटीत सगळं त्यांनी रांगेत उभं राहून मिळवलं. लवकर उठून उभं राहिलं की मिळतं, हे त्यांच्या हाडांत आहे. फोनवर उभं कसं राहायचं?

"तू मला त्या दिवशी सांगायला हवं होतंस," ओता आता आवाज चढवून म्हणाला. "माझी सख्खी बहीण इथे कामाला, आणि मला गावभर बोंब झाल्यावर कळतं!"

"फलकावर लावलं होतं."

"मला फलक दिसत नाही, व्लास्ता!"

रांगेतल्या बाकीच्या चौदाही माणसांनी एकदम जमिनीकडे बघितलं.

"तेव्हा दिसत होतं," व्लास्ताबाई म्हणाल्या आणि लोणी लावलेला पाव कागदातून काढून खायला लागल्या.

साडेअकराला लिंडनर आला. सीमेपलीकडच्या वायडेनचा, गोरा, ढेरपोट्या माणूस. गुत्त्यात ओताबरोबर वर्षानुवर्षं खेळलेला. त्याच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, इस्पितळातून फोन आला होता आणि तो हसत पण होता आणि घामाघूम पण झाला होता.

"ओता, घे रे बाबा." त्याने सरळ चिठ्ठी ओताच्या हातात ठेवली. "टेबल नऊ, खुर्ची दोन. मी दिले तेवढेच पैसे दे, तेही सवडीने. आजोबा होतोय, आज घासाघीस नाही."

ओताने चिठ्ठी डोळ्याच्या कडेने बघितली. मग बहिणीकडे.

"टेबलावर परत करा, लिंडनरसाहेब," त्या म्हणाल्या. "पहिला चिमटा ग्राझिनाबाईंचा आहे."

ग्राझिना म्हणजे रांगेतली पहिली, पोलंडमधून सात तास बसने आलेली शाळेतली स्वयंपाकीण. तिने नुसता हात वर केला, मी इथे आहे म्हणून.

"अहो पण खुर्ची माझी!" लिंडनर म्हणाला. "मी काय जास्त पैसे मागतोय? मित्राला देतोय!"

"सगळ्यांना मित्र असतात. तीनशे माणसांनी तीनशे मित्रांना दिली, तर ही बाई घरीच जाणार."

"मित्र करावेत मग तिने!" ओता म्हणाला.

"मी करते की," ग्राझिना मोडक्या झेकमध्ये म्हणाली. "तुम्ही होता का? पण आधी खुर्ची."

दोघं-तिघं हसले. लिंडनर नाही हसला. त्याने ओताच्या हातातून चिठ्ठी परत घेतली, चार घड्या घालून खिशात ठेवली. "याला नाही, तर कुणालाच नाही. राहू दे रिकामी."

"ओता, त्याला परत करायला सांग," व्लास्ताबाई म्हणाल्या. "तुझं ऐकेल."

ओताने हात कोटाच्या खिशात घातले. लिंडनर मुलीकडे गेला.

तर अशी ती टेबल नऊवरची दोन नंबरची खुर्ची. बारा वाजता खेळ सुरू झाला. पोकरमध्ये रिकाम्या खुर्चीलाही सुट्टी नसते. पाळी आली की तिच्यासमोरच्या चकत्या डावात जातातच. पत्ते वाटणारा दर वेळी हात लांब करून तिच्या ढिगातून थोड्या उचलायचा आणि रांगेतली पंधरा माणसं तो ढीग बुटका होताना बघत राहायची. पहिल्या सुट्टीला, दीड वाजता, न आलेल्याची खुर्ची टेबलाकडे येते. ग्राझिनाला ती मिळाली, उरलेल्या चकत्यांसकट. तिने बसता बसता ओताकडे बघितलं. रागाने नाही.

मग माणसं भराभर हरायला लागली. मी पुकारत होते, व्लास्ताबाई चिमटे काढत होत्या, दोरी हलकी होत होती. दुसरा, तिसरा, चौथा. स्लोव्हाकियाचा एक जाडा गृहस्थ खानावळीत मलईच्या रश्शातलं मांस आणि पावाचे गोळे खात होता. त्याचं नाव मी तीनदा पुकारलं. तिसरी हाक जरा लांबवलीच. तो रुमाल गळ्यात तसाच ठेवून धावत आला तेव्हा त्याचा चिमटा शेवटी गेला होता.

"बाई, घास तोंडात होता हो!"

"पुढच्या वेळी ताट घेऊन या," त्या म्हणाल्या. "उभ्याने खायला बंदी नाही."

तीन वाजता दोरीवर सहा चिमटे राहिले. ओता दुसरा. तीन वाजून दहा मिनिटांनी ओता पहिला. दुसरी सुट्टी तीन-वीसला. तो टेबलाला टेकून उभा होता, कान हॉलकडे लावून, कारण आता कुणी उठलं की खुर्ची सरकल्याचा आवाजच त्याला आधी कळत होता. दोनदा खुर्ची सरकली. दोन्ही वेळा माणूस नुसता पाय मोकळे करायला उठला होता.

मी ओताकडे बघत नव्हते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

तीन वाजून अठरा मिनिटं. टेबल नऊवर एका चष्मेवाल्याने आपल्या सगळ्या चकत्या मध्ये ढकलल्या. समोर ग्राझिना. लिंडनरच्या उरल्यासुरल्या ढिगातून ती चांगलीच वर आली होती. आता तिने 'हो' म्हटलं, पत्ते उघडले आणि तो हरला, की खुर्ची ओताची. ग्राझिना विचार करत होती. तिला विचार करायचा हक्क होता. एकोणीस मिनिटं झाली. ती पत्त्यांच्या कडा वाकवून बघत होती.

"अहो बाई, लवकर!" कुणीतरी ओरडलं.

वीस सेकंद उरले. ग्राझिनाने चकत्या पुढे सारल्या. चष्मेवाल्याने पत्ते उघडे केले. वाटणाऱ्याने पहिली तीन पानं मांडली. अजून दोन मांडायची होती, आणि ती पडेपर्यंत निकाल नाही.

घंटेवर माझा हात होता. खोटं कशाला बोलू, मी तो तिथेच ठेवला असता. अर्धं मिनिट. कुणाचं काय जाणार होतं? घड्याळात वीस झाले. मी व्लास्ताबाईंकडे बघितलं.

"वाजव," त्या म्हणाल्या.

मी वाजवली.

चौथं पान पडलं. पाचवं पडलं. चष्मेवाला उठला, ग्राझिनाशी हात मिळवला आणि खुर्ची मागे सरकवून निघून गेला. नुकती रिकामी झालेली खुर्ची, ओतापासून दहा पावलांवर.

"अहो देऊन टाका ना त्यांना!" ग्राझिना तिथूनच ओरडली. "मी उशीर केला. माझी चूक."

"आमची काही हरकत नाही," ओताच्या मागचा म्हातारा म्हणाला.

"माझीही नाही," म्हणत स्लोव्हाकियाचा तो जाडा पुढे आला, "पण मग बाई, माझी तिसरी हाक परत मोजा. घंटेनंतर चालत असेल तर घासानंतर का नाही?"

कुणी हसलं नाही. तो चेष्टा करत नव्हता.

व्लास्ताबाईंनी दोरीची एका टोकाची गाठ सोडली. मग दुसऱ्या टोकाची. पाच चिमटे टेबलावर पडले. त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधत होते, पण तिथे काही नव्हतं. भिंत असते ना, रंग उडालेली, तसं. दोरी कोपराला गुंडाळता गुंडाळता त्यांचा हात एकदा थांबला. मग पुन्हा गुंडाळायला लागला.

ओता त्या खुर्चीपर्यंत गेला. पाठीवर हात ठेवून उभा राहिला. टेबलावर पत्ते तसेच उघडे पडले होते. त्याने मान तिरकी करून, कडेने ते बघितले, एकेक, सगळे. वाटणारा पोरगेलासा होता. त्याने पत्ते लगेच गोळा केले नाहीत.

मग ओता परत आला. खुंटीवरचा कोट त्याने चाचपून काढला. एक बाही सापडेना, मी धरली.

"ओता," व्लास्ताबाई म्हणाल्या. "तू पहिला होतास. मे महिन्यात. मला माहीत आहे."

तो बटणं लावत होता.

"बटाट्याचं सूप केलंय. सुकलेली अळंबी घातलीत. सहाला सुटते मी. येशील?"

ओताने शेवटचं बटण लावलं, दाराची चौकट हाताने शोधली आणि तो बाहेर गेला.