वजनकाट्याने विचारलेला प्रश्न

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. भूतखेत, अंगात येणं, भास... असल्या गोष्टींना मी कायम हसत आलो. तरीही हे लिहितोय, कारण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेळगावच्या एका छोट्या कंपनीत आम्ही बोलणारा वजनकाटा बनवला होता. पहिला काटा कारवारकडच्या जोयड्याच्या बस स्टँडवर बसवला. माणूस उभा राहिला की तो विचारायचा, "वजन सांगू का?" होकार मिळाला की आकडा सांगायचा. पण आम्ही त्याला 'हो' आणि 'नाही' एवढंच ओळखायला शिकवलेलं, आणि तिथले लोक म्हणणार 'व्हय' आणि 'न्हाई'. ते दुरुस्त करायला मला महिनाभर तिथं पाठवलं. चहाच्या दुकानामागे भाड्याची खोली. ओळखीचं कुणी नाही. दिवसभरात आपण बोललो ते काय ते या काट्याशीच, हे शेवटची जीप गेली की लक्षात यायचं.

जवळच्या बाजारकुणंग गावचे गुणाजी म्हणून एक म्हातारे रोज दुपारच्या बसने यायचे, काट्यावर उभे राहायचे आणि परतीच्या बसने जायचे. थोडी भातशेती, घरी एकटेच; बायको आदल्या वर्षी गेलेली. रोज वजन कशाला बघता, असं मी एकदा विचारलं.

"वजनाचं काय न्हाई, साहेब," ते म्हणाले. "ह्ये इचारतंय तरी."

एका दुपारी ते काट्यावर चढले तेव्हा मी शेजारीच बसून वायर तपासत होतो. काट्यातून आवाज आला —

"अवो, गुडघा कसा हाय आज?"

आवाज आमचाच, बेळगावच्या एका शिक्षिकेचा रेकॉर्ड केलेला. वाक्य मात्र आमचं नव्हतं. चिपमध्ये आकडे सोडून नऊच वाक्यं होती, सगळी मी लिहिलेली, पुस्तकी भाषेतली.

गुणाजी दचकले नाहीत. बरा हाय म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न, 'व्हय', आकडा. खाली उतरून माझ्याकडे बघत म्हणाले, "रोज इचारतंय की. तुमीच घातलंय न्हवं त्यात?"

खरं सांगितलं असतं तर ते पुन्हा आले असते का, कुणास ठाऊक. मी "व्हय" म्हणालो.

संध्याकाळी चिप काढून तपासली. नऊच वाक्यं. शिक्षिकेला फोन केला, तर असं काही आपण बोललोच नाही म्हणाल्या.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. पण त्यानंतर रोज, स्टँड रिकामा झाला की, मी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहायचो... बराच वेळ. मला त्याने फक्त वजन सांगितलं.