पाटी उचलणाऱ्यांची संस्था

केसरबाईचा आवाज मोठा, ही तिच्या सासरची पहिल्या दिवसापासूनची तक्रार. तिनं अंगणातून नवऱ्याला जेवायला हाक मारली की ओढ्यापलीकडच्या शेतातला भलताच माणूस बैलं सोडून घराकडं निघायचा. सासू म्हणायची, "अगं, हळू बोल की. वेशीत बसल्याली माणसं ऐकत्यात." नवरा धोंडीराम मुळातच अबोल, तो खाली बघून नुसता हसायचा. सासू गेली, लेकी नांदायला गेल्या, तरी खळेवाडीत केसरबाईची ओळख तीच राहिली. लई वरडती ती.

खळेवाडी गेवराई तालुक्यातली, चकलांब्याच्या अंगाची. बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. सरकारनं गावाच्या वरच्या बाजूला पाझर तलावाचं दुष्काळी काम काढलं आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्या त्या माळावर लोटल्या. एरवी एकमेकांच्या दारचं पाणी न पिणारी माणसं एका रांगेत उभी राहून मातीच्या पाट्या हातोहात पुढं देऊ लागली. केसरबाईची जोडी कमरजहाँशी जमली. कमरजहाँचा नवरा पिंजारी, गाद्या भरून पोट भरणारा. पण दुष्काळात नवी गादी कोण भरून घेतंय? म्हणून ती डोक्यावरचा पदर घट्ट खोचून मातीवर आली. चौथीपर्यंत शिकलेली, अंगानं किरकोळ, जीभ मात्र तिखट.

मार्चच्या उन्हात तान्ह्या लेकरांचं हाल बघवेना. माळावर एक झाड नव्हतं. बाया लेकरांना दगडाच्या ढिगाआड लुगड्याच्या सावलीत निजवायच्या. एक दिवस सुभद्राबाई नावाची ओली बाळंतीण लेकराला पाजायला रांगेतून बाजूला झाली. मुकादम तिच्यावर खेकसला, "पाजायचंय तर घरी बस. इथं काम करायला यायचं!"

सुभद्राबाई रडायला लागली. केसरबाईनं डोक्यावरची पाटी उतरवली. तिच्या मनात ठरवलेलं असं काहीच नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, "बायांनो, पाट्या खाली ठिवा!"

तो आवाज भरावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. शेवटच्या माणसालाही निरोप पोचवावा लागला नाही. एकामागून एक पाट्या खाली आल्या. बाया बसल्या, त्यांच्या पाठोपाठ गडीमाणसंही बसली. मुकादम आधी ओरडला, मग समजुतीच्या गोष्टी सांगू लागला, आणि शेवटी सायकल काढून साहेबाकडं गेला. दुसऱ्या दिवशी माळावर पाचटाचा मांडव पडला, पाण्याचे रांजण आले, आणि लेकरं सांभाळायला एका म्हातारीला कामावर धरलं गेलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना कमरजहाँ म्हणाली, "आक्का, तुमचा गळा म्हंजी भोंगा हाय. आतापत्तुर वाया घालिवला तुमी."

केसरबाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी आवाजाबद्दल चांगलं बोललं होतं. रात्री भाकरी थापताना तिला एकटीलाच हसू येत राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात बरा शिडकावा झाला आणि सरकारनं दुष्काळी कामं बंद केली. तलावाचा भराव निम्माच झाला होता. विहिरींना पाणी नव्हतं, शेतात काम नव्हतं, आणि एखादा मोठा पाऊस आला तर अर्धवट भराव वाहून जाणार हे उघड दिसत होतं. एवढ्या माणसांनी उन्हात वाहिलेली माती ओढ्याला जाणार! तेवढ्यात कळलं की उरलेलं काम आप्पारावांना ठेक्यानं मिळालं. आप्पाराव त्या भागातले पुढारी. ऊस नसलेल्या गावातही त्यांच्या अंगावरून साखर कारखान्याचा वास यायचा असं लोक म्हणत. ते माणसं लावणार नव्हते. ट्रॅक्टर आणून महिन्याभरात काम उरकणार होते.

ट्रॅक्टर आला त्या सकाळी केसरबाई भरावावर वाट अडवून बसली होती. तिच्या शेजारी कमरजहाँ, सुभद्राबाई, आणि मागं सगळी जुनी रांग. आप्पाराव जीपमधून उतरले.

"वैनी, उठा," ते गोड आवाजात म्हणाले. "तलाव तुमच्याच गावाचा हाय. लवकर झाला तर वाईट काय?"

"तलाव व्हावा ह्ये आमाला बी वाटतं, आप्पा," केसरबाई म्हणाली. "पर ही माती आमी वाह्यली. राह्यल्याली बी आमीच वाहणार. हाताला काम न्हाई तर त्या पाण्याकडं बघून जगायचं का आमी?"

आप्पारावांचा चेहरा बदलला. ते ट्रॅक्टरवाल्याकडं वळले. "चाँद, चालव बे. पुढं घेतलास की आपसूक उठत्यात."

चाँद गेवराईचा. स्टँडजवळच्या गॅरेजात वाढलेला, जाड मिशांचा गडी. त्यानं ट्रॅक्टर चालू केला, दोन हात पुढं घेतला. बाया हलल्या नाहीत. सुभद्राबाईनं मांडीवरचं लेकरू छातीशी धरलं, बस्स. ओरडावं असं केसरबाईला वाटत होतं, पण ती मातीत हात रोवून तशीच बसून राहिली.

यंत्र घरघरत थांबलं. चाँदनं किल्ली काढली, खाली उतरला आणि ती आप्पारावांच्या हातात दिली.

"कावून बंद केलास?"

"मालक, ट्रॅक्टर तुमचा हाय," चाँद म्हणाला. "पर पाय माझा हाय. तो ह्यांच्यावर पडायचा न्हाई."

आणि तो चालत गेवराईच्या रस्त्याला लागला. दुसऱ्या दिवशी आप्पारावांनी दुसरा ड्रायव्हर शोधायला गेवराईला माणूस पाठवला. पण चाँद त्याच्या आधी गॅरेजात पोचला होता, आणि त्यानं जे पाहिलं ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं होतं. एकाची मावशी आजारी निघाली, दुसऱ्याला ताप आला, तिसऱ्यानं सरळ सांगितलं की आम्हाला बी आया हायत. ट्रॅक्टर माळावर तसाच उभा राहिला. रोज सकाळी बाया यायच्या आणि त्याच्या पुढ्यात बसायच्या. पोरंटोरं त्याच्या चाकांवर चढून खेळायची.

शेवटी बीडहून पाटबंधाऱ्याचे मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता.

"बाई, मला तुमचं म्हणणं पटतं," ते म्हणाले. "पण दुष्काळी काम संपलंय. आता काम द्यायचं तर ठेकेदाराला, नाहीतर नोंदलेल्या मजूर सहकारी संस्थेला. गर्दीला काम देता येत नाही मला."

केसरबाईनं क्षणभर विचार केला. "मग गर्दीची संस्था कशी करायची ते सांगा की साहेब."

साहेब हसले. बायका हसत नाहीत हे दिसल्यावर थांबले, आणि भरावाच्या मातीवर बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

संस्था नोंदवायला बीडला सहकार खात्याच्या कचेरीत केसरबाई, कमरजहाँ आणि धोंडीराम एसटीनं गेले. केसरबाईनं ठरवलं होतं, शहर आहे, हळू बोलायचं. तिनं खिडकीशी उभं राहून हळू आवाजात दोनदा सांगितलं, पण कुणी मान वर केली नाही. मग एका कारकुनानं धोंडीरामला विचारलं, "अध्यक्ष तुम्हीच ना?" धोंडीराम गोंधळून बायकोकडं बघू लागला.

"अध्यक्ष मी हाय!"

ती तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली होती. व्हरांड्यातली माणसं वळली, आतला टाइपरायटर थांबला, आणि कोपऱ्यातल्या खोलीतून अधिकारी स्वतः बाहेर आले. त्यांनी तिघांना आत बसवलं, चहा मागवला आणि संस्थेचे नियम एकेक करून वाचून दाखवले. एका ठिकाणी कमरजहाँनं त्यांना थांबवलं.

"ते पुन्यांदा वाचा, साहेब."

"सभासद तोच होऊ शकेल, जो स्वतः अंगमेहनतीचं काम करतो."

"ह्ये लई ब्येस हाय," कमरजहाँ म्हणाली.

संस्था नोंदली गेली आणि उरलेलं काम आप्पारावांच्या ठेक्यातून काढून तिला मिळालं. ट्रॅक्टर माळावरून गेला आणि फावडी परत आली. आता मुकादम नव्हता. कुणी कुठं उभं राहायचं ते सकाळी सगळे मिळून ठरवत. ज्यांना दुष्काळी कामावर म्हातारे म्हणून घरी धाडलं होतं, ते पाणी शिंपायला आणि लेकरं सांभाळायला आले. चाँदचं काम आप्पारावांनी तोडलं होतं. त्याला संस्थेनं दगड आणायच्या ट्रकवर घेतलं. दुपारची भाकरी सगळे एकत्र खायचे, आणि कोण कुणाच्या फडक्यातली चटणी घेतंय याकडं बघायचं एव्हाना लोकांनी सोडून दिलं होतं.

पावसाआधी भराव पुरा झाला. त्या वर्षी पाणी साठलं आणि भरावाखालच्या विहिरी, ज्यांत दोन वर्षं पोरं चेंडू खेळत होती, त्यांना पाझर फुटला. पहिल्या विहिरीवर धोंडीराम पाणी शेंदायला गेला, आणि जन्मात न ओरडलेला तो माणूस तिथूनच ओरडला, "केसर! पानी!" सगळ्या गावानं ऐकलं. केसरबाई हसून हसून बेजार झाली.

पण संस्थेचं नाव झालं तसं आप्पारावांचं लक्ष तिच्याकडं पुन्हा वळलं. तलावाचं जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याचं दगडी काम पुढच्या उन्हाळ्यात करायचं राहिलं होतं, आणि त्याच्या आधी सर्वसाधारण सभा होती. सभेच्या सकाळी दोन जीपा आणि एक टेम्पो भरून माणसं माळावर उतरली. पांढरे स्वच्छ कपडे, डोक्याला टोप्या.

"ह्ये सगळे सभासद व्हायला आलेत," आप्पाराव म्हणाले. "संस्था सगळ्यांची असती वैनी. आज सभासद करून घ्या, मंग सभेत मतदान घेऊ. अध्यक्ष ज्याला मतं पडतील तो."

डोकी मोजायची गरज नव्हती, जुन्या सभासदांपेक्षा आलेली माणसं जास्त दिसत होती. कमरजहाँ केसरबाईच्या कानाशी लागली आणि दोनच शब्द बोलली. केसरबाईचा चेहरा उजळला.

"या की!" ती म्हणाली. "आमाला माणसं पाह्यजेच हायत. सभा संध्याकाळी घिऊ. आज सांडव्याला दगुड न्यायचाय. सभासद तोच जो अंगमेहनत करतो, कायदाच हाय तसा. चला, उचला पाट्या."

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं. आलेल्यांतले बरेच जण जीपच्या सावलीकडं सरकले. काहींनी टोपी काढून पुन्हा घातली. पण चकलांब्याकडचा बद्रीनाथ नावाचा एक भूमिहीन माणूस, ज्याला आप्पारावांच्या माणसांनी जेवणाचं सांगून टेम्पोत घातलं होतं, तो पुढं आला. त्यानं पांढरा सदरा काढून खांबाला अडकवला आणि पाटी उचलली. त्याच्यामागं आणखी काही जण आले.

आप्पारावांना ते बघवेना. "दगुड वाहणं म्हंजी काय मोठं!" असं म्हणत त्यांनी स्वतः एक पाटी डोक्यावर घेतली. ती सांडव्यापर्यंत पोचवली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पण तिथून ते परतले ते थेट मांडवात येऊन बसले. कमरजहाँनं त्यांना रांजणातलं गार पाणी दिलं. त्यांनी दोन तांबे प्यायले, जीपमध्ये बसले आणि गेले.

संध्याकाळी, अंगाला घाम आणि धूळ तशीच असताना, सभा झाली. दिवसभर काम केलेले नवे लोक सभासद झाले. अध्यक्षपदाला केसरबाईचं नाव सुभद्राबाईनं सुचवलं. हात वर करा म्हटल्यावर जुन्यांचे हात गेलेच, पण सर्वांत आधी वर गेला तो बद्रीनाथचा. दगडानं खरचटलेला, मातीनं भरलेला. केसरबाईला काही सांगायचं होतं, भाषणासारखं, पण समोरची घामानं भिजलेली माणसं बघून तिनं ते मागं ठेवलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी लवकर या." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सांडवा झाला. मग दुसऱ्या गावचा रस्ता मिळाला, मग आणखी एक तलाव. पहिल्यांदा परगावी कामाला निघाली त्या दिवशी केसरबाई भांड्यांचं गाठोडं घेऊन चाँदच्या ट्रकमध्ये चढली. खाली धोंडीराम उभा होता. ती त्याला घराची, शेळ्यांची, कुलपाची एकेक गोष्ट सांगू लागली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शेळ्यांची दावी पुतण्याच्या हातात देऊन तो चाकावर पाय ठेवून वर चढला आणि तिच्याशेजारी बसला.

"तुमी कुठं?" तिनं विचारलं.

"मी बी सभासद हाय," धोंडीराम म्हणाला. ट्रक सुरू झाला.